जुनी गाडी घ्यायचीय, तीन लाखात सगळं बसेल का?

पहिलीच_गाडी | १६ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. राहतो धायरीला, हातात पगार येतो ५२ हजार, घरात आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, महिन्यातून दोनदा तरी दवाखाना असतो आणि गाव वाई, तिथे महिन्यातून एक फेरी होतेच. आत्तापर्यंत स्कूटर, रिक्षा आणि एसटीवर भागवलं पण आता आईला एसटीची पायरी चढवत नाही. नवी गाडी परवडणार नाही हे मी आणि बायकोने तीन वेळा कागद मांडून बघितलंय. तर जुनी घ्यायची, एकूण तीन लाख, त्यातले १ लाख ८० हजार साठलेले आहेत, बाकी कर्ज काढणार. एका डीलरकडे २०१५ ची वॅगन आर बघितली, २ लाख ९० सांगतोय, म्हणतो "पेपर क्लिअर, सिंगल हँड, एक रुपयाचं काम नाही". घेऊन टाकू का? महिन्याला साधारण ६५० किमी रनिंग होईल.

चौथा_गिअर | १६ फेब्रुवारी, रात्री ११:०५

"एक रुपयाचं काम नाही" हे वाक्य म्हणजे लग्नाच्या स्थळातलं "मुलगा अगदी साधा आहे" 😀

हिशेबी_काकू | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

भाऊ, तीन लाख बजेट असेल तर २ लाख ९० ची गाडी बघायलाच जाऊ नका. पटो न पटो, गाडी अडीचच्या आतली बघा आणि गाडीच्या किमतीच्या शेकडा वीस रुपये बाजूला काढून ठेवा, ते पहिल्या तीन महिन्यांत जाणारच जाणार. विकणारा माणूस गाडी विकायची ठरली की वर्षभर आधीच खर्च थांबवतो, कोण नवीन टायर टाकून गाडी दुसऱ्याला देतं सांगा.

माझी आय-टेन २०१२ ची, मी २०१९ च्या सुरुवातीला २ लाख १० हजाराला घेतली. मला वही लिहायची सवय आहे, घरात सगळे हसतात. पाच वर्षांत ३८ हजार किमी चालवली. सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती मिळून १ लाख १४ हजार, विमा पाच वर्षांचा ३१ हजार. म्हणजे पेट्रोल सोडून १ लाख ४५ हजार, महिन्याला २,४०० च्या वर. किलोमीटरला पावणेचार रुपये पडले, पेट्रोल वेगळं. आणि हे महिन्या-महिन्याला सारखे जात नाहीत हो, तिथेच माणूस फसतो. वहीतलं एक पान बघून लिहिते, २०२२ चा जानेवारी ते मे पाच महिने मिळून फक्त ६४० रुपये, एक पंक्चर, एक बल्ब आणि दोनदा धुलाई. मला वाटलं वा काय गाडी आहे. १४ जूनला क्लच गेला, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून ७,८००. त्याच महिन्यात विमा. तेव्हापासून पोस्टात आरडी काढलीय, गाडीच्या नावाची. त्याला घरात "गाडीचा डबा" म्हणतात, भिशीला कमी पडले तरी त्याला हात लावायचा नाही.

पहिलीच_गाडी | १७ फेब्रुवारी, दुपारी १:१५

काकू हे कोणी सांगितलंच नव्हतं, मी फक्त हप्ता आणि पेट्रोल धरलं होतं 😟 डीलरचा आज परत फोन आला, टोकन टाका नाहीतर गाडी जाईल म्हणतो.

अण्णा_गॅरेजवाले | १७ फेब्रुवारी, रात्री ९:५०

जाऊ दे की. वॅगन आर काय हापूस आहे का सीझन संपायला. हजार फिरतायत.

मी २६ वर्षं गॅरेज चालवतो, कात्रजला, त्यामुळे थोडं सांगतो. गाडी बघायला सकाळी जायचं आणि आधी फोन करून सांगायचं की इंजिन चालू करून ठेवू नका. बोनेटला हात लावायचा, गरम असेल तर समजायचं काहीतरी लपवतायत. थंड गाडी सेल्फ मारल्यावर कशी उठते, धूर कुठल्या रंगाचा येतो ते बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा दाट येत राहिला तर कूलंट आत जातंय. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा, आतून भसाभस धूर फेकत असेल तर नमस्कार करून घरी या.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात गोलात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी दिसायला नवीन असते पण रबर कडक होऊन चिरा पडलेल्या असतात, सहा वर्षं झालेले टायर मी तरी बदलायलाच सांगतो. चारी टायर म्हणजे १४-१६ हजार, ते किमतीतून मागा.

मीटरवर विश्वास ठेवू नका, मीटर मागे फिरवणं आता पाच मिनिटाचं काम झालंय. क्लच आणि ब्रेक पेडलचं रबर बघा, स्टिअरिंगची कातडी बघा, ड्रायव्हर सीटची उजवी कड बघा. ४० हजार चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत होत नसतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन शेवटच्या सर्व्हिसिंगला किती किमी होतं ते विचारा, बऱ्याच ठिकाणी सांगतात.

सांगलीकर_बाळासाहेब | १८ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

अण्णांचं एक राहिलं ते मी सांगतो. पुरातली गाडी. २०१९ च्या ऑगस्टला आमच्यात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटाच्या वर गेलतं, धोक्याची पातळी ४५. पार्किंगातल्या गाड्या टपापातूर बुडाल्या. त्यातल्या लई गाड्या धुऊनपुसून, अत्तर मारून बाहेरच्या जिल्ह्यात गेल्या बघा. २०२१ ला चिपळूणच्या पण तशाच. अशी गाडी दिसायला नवरीगत असती, पण वर्षभरानं वायरिंग त्रास द्यायला चालू करतंय आणि कुठला मेकॅनिक हात लावत नाही.

बघायचं कसं, तर सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून काढा. सगळे सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण बेल्टाचा आत गुंडाळलेला भाग कोण धूत नाही. माझ्या मेव्हण्याला गाडी बघताना तिथं चिखलाची सरळ रेघ सापडली, जशी भिंतीवर पुराची रेघ असती तशी. विकणारा म्हणला पोरानं चहा सांडलाय. दोन्ही बेल्टांवर, एकाच उंचीला, चहा! स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटच्या खालच्या रुळाला गंज, बारीक गाळ आहे का बघा.

रत्नागिरीतून | १८ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

आमच्याकडची गाडी घेत असाल तर खालून बघा म्हणजे झालं. खारी हवा. वरून रंग मस्त आणि खाली दाराच्या कडा, सायलेन्सर, जॅक लावायची जागा सगळं पापडासारखं. नखाने टोकरलं तर पापुद्रा निघतो. गोव्याची गाडी स्वस्त मिळते म्हणून धावू नका, गंज तर आहेच, शिवाय परराज्यातलं पासिंग.

अण्णा_गॅरेजवाले | १८ फेब्रुवारी, रात्री ९:३०

परराज्याचं बरोबर बोलले. दिल्ली पासिंगच्या गाड्यांचा पण मोह असतो. तिकडे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा, त्यामुळे मुदत जवळ आली की गाड्या स्वस्तात इकडे येतात. गाडी वाईट असतेच असं नाही, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) आणा, इथला रोड टॅक्स परत भरा, नंबर बदला. ५० हजार वाचले म्हणून घेतली आणि टॅक्स, एजंट, हेलपाटे यात गेले. पहिलीच गाडी असेल तर आपली एमएच १२ किंवा १४ बघा.

नागपुरी_तर्री | १८ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मी जरा उलटं बोलून राहिलो, राग मानू नका. ६५० किमी साठी गाडी पाहिजे कायले? दवाखान्याले कॅब करा, वाईले महिन्यातून एकदा गाडी भाड्यानं घ्या. गाडी उभी राहिली तरी विमा चालू, बॅटरी उतरते, पार्किंग लागते. मी दोन वर्षं आधी गाडी विकली, शांत झोपतो.

पहिलीच_गाडी | १८ फेब्रुवारी, रात्री ११:००

नाही हो राग कसला. आम्ही हाही हिशेब केला. वाईला जाऊन-येऊन १८० किमी, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत, त्याचे भाड्याच्या गाडीवाल्याने साडेपाच हजार सांगितले. दवाखान्याच्या दोन फेऱ्या १,६००. हे सात हजार झाले आणि बाकी कुठे जायचंच नाही. शिवाय पावसात रात्री साडेदहाला धायरीत कॅब मिळवून दाखवा 😀

सुमेधा_पाषाण | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

कर्जाचं बोलते, बँकेत आहे. जुन्या गाडीला व्याजदर नव्यापेक्षा जास्त लागतो. १३ टक्के धरला तर १ लाख २० हजाराला ३ वर्षांचा हप्ता ४,०४३ येतो, एकूण व्याज साडेपंचवीस हजार. पाच वर्षांचा केला तर हप्ता २,७३० पर्यंत उतरतो आणि छान वाटतं पण व्याज ४३-४४ हजार होतं, आणि पाचव्या वर्षी तुम्ही चौदा-पंधरा वर्षांच्या गाडीचा हप्ता पण भरताय आणि तिची दुरुस्ती पण करताय. तीनच वर्षं करा. मूळ मालकाचं कर्ज होतं का तेही बघा, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि डीलर "जीएसटीमुळे वाढलं" म्हणत असेल तर ऐका, या जानेवारीपासून १८ टक्के झालाय, छोट्या गाड्यांना आधी १२ होता, पण तो डीलरच्या मार्जिनवर आहे, पूर्ण किमतीवर नाही. दोन घरगुती माणसांच्या व्यवहारात तर लागतच नाही.

चौथा_गिअर | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

विम्याचं कोणीच बोललं नाही का? मी माझी स्वतःची फजिती सांगतो. २०२१ ला गाडी घेतली, आरसी नावावर करायला टाकली, विमा आहेच की अजून सात महिने म्हणून गप्प बसलो. दोन महिन्यांत मागून टेम्पोने ठोकलं. क्लेम केला तर कंपनी म्हणाली पॉलिसी कोणाच्या नावावर आहे? आधीच्या मालकाच्या. मग तुमचा काय संबंध. ३४ हजार खिशातून. नियम असा की गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्यायचा. समोरच्याचं नुकसान, म्हणजे थर्ड पार्टी, ते कायद्याने आपोआप तुमच्याकडे येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नाही. मला वाटलं होतं विमा गाडीचा असतो. असतो पण आणि नसतो पण.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तर गाडीचा नसतोच, माणसाचा असतो. मालकाला ५० टक्के सूट मिळत असेल तर ती तो घेऊन जाणार, तुम्हाला उरलेल्या महिन्यांचा फरक भरावा लागतो.

हिशेबी_काकू | १९ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

आणि वॅगन आरचं इंजिन ९९८ सीसी आहे हे तुमच्या फायद्याचं. हजार सीसीच्या आतल्या गाडीला थर्ड पार्टी २,०९४ रुपये, हजाराच्या वर दीड हजारापर्यंत ३,४१६. दोन सीसीने तेराशे रुपये वाचतात, दर वर्षी. वर १८ टक्के जीएसटी.

विकून_बसलोय | १९ फेब्रुवारी, दुपारी ३:००

विकणाऱ्याच्या बाजूने एक. तुम्ही लवकर नावावर करा हो, आमचे पण हाल होतात. मी गाडी विकली, घेणाऱ्याने आठ महिने ट्रान्सफर केली नाही, त्याची चलनं माझ्या मोबाइलवर. कुठल्या सिग्नलला किती वाजता होता मला सगळं माहीत. अपघात झाला असता तर? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंच आहे की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्या गळ्यात. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, डिलिव्हरी दिल्याची तारीख आणि वेळ घालून कागद, आणि घेण्याआधी त्या नंबरवरची बाकी चलनं ऑनलाइन बघून घ्या. फास्टॅग आधीच्या मालकाला बंद करायला लावा, नाहीतर तुमचा टोल त्याच्या खात्यातून.

पहिलीच_गाडी | २३ मार्च २०२५, रात्री ९:१५

मंडळी, गाडी घेतली!! 🙏 त्या डीलरची नाही. तिचं पेडल अण्णा म्हणाले तसं गुळगुळीत होतं आणि मीटर ४१ हजार. सहकारनगरच्या एका रिटायर्ड काकांची, २०१४, एमएच १२, खरोखर ४८ हजार चाललेली, सर्व्हिसिंगची सगळी बिलं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेने लावलेली. काकांनी २ लाख ६० सांगितले, टायर २०१७ चे होते ते दाखवले, २ लाख ४२ ला दिली. किल्ली देताना काका दोन मिनिटं गाडीला हात लावून उभे होते, मग म्हणाले रिव्हर्स टाकताना जरा दाबून टाका, तिला सवय आहे.

आता काकूंसाठी हिशेब. मेकॅनिकला दाखवायचे १,०००, ट्रान्सफर आणि एजंट ३,२०० (स्वतः करायला हवं होतं, सुट्टी मिळाली नाही), विमा नावावर आणि बोनसचा फरक १,९००, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट ८७९, टायर चारी १५,२००, बॅटरी ४,१०० कारण आठवड्यातच बसली. ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट, पुढचे ब्रेक पॅड मिळून ७,४००, लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड ३,८००. सीट कव्हर आणि मॅट ४,५००, हे अत्यावश्यक आहे असं घरातून सांगण्यात आलं. एकूण ४१,९७९. म्हणजे शेकडा सतरा, काकूंच्या विसाच्या आतच आलो, आणि तेही गाडी चांगली असताना. ती २ लाख ९० ची घेतली असती तर हे पैसे कुठून आणले असते देव जाणे.

महिन्याचा: हप्ता ४,०४३, पेट्रोल ४,२०० च्या आसपास (१६ चा ॲव्हरेज देते, पेट्रोल १०४), पार्किंग ५००, धुवायला ४००, डब्यात २,५००. साडेअकरा हजारांच्या वर जातंय. नागपूरवाले दादा, तुमचे सात हजार बरोबरच होते 😅

नागपुरी_तर्री | २३ मार्च, रात्री १०:००

अभिनंदन भाऊ. पेढे द्या आधी, मग भांडू.

अण्णा_गॅरेजवाले | २४ मार्च, सकाळी ८:००

चांगली घेतलीत. एक लक्षात ठेवा, आता पंपावर ई२० पेट्रोल येतंय, २० टक्के इथेनॉलचं. त्या हिशेबाने बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ नंतरच्या, तुमची त्याआधीची. घाबरायचं कारण नाही, ॲव्हरेज थोडा पडेल, पण पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसिंगला बघायला सांगा. आणि गाडी महिनाभर उभी ठेवू नका. सीएनजी कीट लावायचा विचार आला तर ६५० किमी साठी लावू नका, कीटचे पैसे फिटेपर्यंत गाडी म्हातारी होईल, शिवाय आरसीवर नोंद आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्ट.

पहिलीच_गाडी | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. मेमध्ये भर दुपारी खंबाटकी चढताना गाडी तापली, बोनेटमधून वाफ, मागे आई, दोन पोरं आणि आंब्याची पेटी. कूलंटचा पाइप क्लिपजवळ चिरला होता, अकरा वर्षं जुना, सर्व्हिसिंगला कोणी बघितलाच नाही, मीही सांगितलं नाही. क्रेनने पारगाव खंडाळ्यापर्यंत आणि तिथे पाइप, कूलंट, मजुरी धरून ४,६००. डब्यात तेव्हा पाच हजार होते. पाच हजार! त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा दुरुस्तीचं बिल देताना बायकोकडे बघावं लागलं नाही.

हवालदिल_ग्राहक | ५ ऑक्टोबर, रात्री १०:५०

सहा महिने थांबला असतात तर? २२ सप्टेंबरपासून नव्या छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ वर आला, आधी २८ आणि वर सेस. नव्या उतरल्या म्हणून जुन्यांचे भाव पण पडतायत. २ लाख ४२ ची आज २ लाख २० ला मिळाली असती.

पहिलीच_गाडी | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

मिळाली असती ना. पण जूनमध्ये आईच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर दीड महिना एक दिवसाआड फिजिओथेरपी, तेही पावसात. ते वीस हजार तिथे फिटले असं मी धरून चाललोय, काकूंना वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते विचारतो.

हिशेबी_काकू | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

भाव पडला तो रकाना विकायच्या दिवशी उघडायचा, तोपर्यंत लिहायचं नाही. विमा कधी संपतोय?

पहिलीच_गाडी | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

फेब्रुवारीत. डब्यात आत्ता ११,२०० आहेत. बरं, मागचा वायपर काचेवर नुसता कुरकुरतोय, ब्लेड बदलू की पूर्ण आर्म? अण्णा आहेत का?